लेकीच्या चित्रावरच्या रेघा खोडू नका

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. चित्रकलेची आवड म्हणून जूनपासून तिला मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या रविवारच्या वर्गाला घातलंय. आम्ही ठाण्याला राहतो, त्यामुळे रविवारची अख्खी सकाळ जाण्यायेण्यातच जाते. पण तिथे चित्र काढायला असं काही शिकवतच नाहीत. मुलांना एखाद्या मूर्तीसमोर बसवतात, बराच वेळ नुसतं बघा म्हणतात आणि मग पेन्सिल देतात. मध्ये एकदा राणीच्या बागेत नेऊन तिथला दगडी हत्ती काढायला लावला. हिने आणलेल्या चित्रात हत्तीच्या अंगावर मध्येच कुठेतरी रेघाच रेघा होत्या. मी त्या खोडल्या आणि पाय जरा सरळ करून दिले, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून चित्रं दाखवतच नाही. समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा सोसायटीतल्या क्लासला जातो. तो दर आठवड्याला फ्रेम करण्यासारखं चित्र घेऊन येतो. ह्यांचं म्हणणं, हिलाही तिथेच घालू, पुढे एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे मार्क तरी मिळतील.

दुसरं असं, की त्याच वेळेत तिथे मोठ्या माणसांचा मातीकामाचा वर्ग असतो. मी बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेली असते. आत जावंसं फार वाटतं. पण मी त्रेचाळीस वर्षांची, शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरलेला नाही. लेक म्हणते, 'आई, तू नको येऊस.' सासूबाई म्हणतात, 'या वयात मातीत खेळायचं?' काय करावं?

– एक आई, ठाणे

उत्तर :

नमस्कार ताई,

मुलीला तिथेच ठेवा आणि तुम्ही मातीकामाच्या वर्गात नाव घाला. दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर एवढंच आहे. पण ते तुम्हाला पटायचं तर आधी त्या हत्तीबद्दल बोलायला हवं.

राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा असलेला तो हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट इंग्रजांनी घातला. उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून ठेवले. पुढे १९१४ मध्ये सेसिल बर्न्स यांनी ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला. हे बर्न्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख होते आणि संग्रहालयाचं कामही बघायचे. तुकडे जोडून उभा केलेला तो दगड आहे, जवळ जाऊन निरखलं की सांधे दिसतात.

तुमच्या लेकीने हत्तीच्या अंगावर काढलेल्या रेघा म्हणजे ते सांधे असणार, असा माझा कयास आहे. ते तिला कोणी दाखवून दिले असतील, नाहीतर तिचे तिलाच दिसले असतील. कसंही असो, नऊ वर्षांच्या मुलीने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट कागदावर उतरवली होती. तुम्ही ती घाण समजून पुसलीत. रागावली ती पाय सरळ केल्याबद्दल नसेल. 'मी पाहिलं ते खरं नाही असं आईला वाटतं,' याचा तो राग असेल. तिला विचारून बघा. 'त्या रेघा कसल्या होत्या गं? मी न विचारता पुसल्या, माझं चुकलं,' एवढंच म्हणा आणि मग तिला बोलू द्या. मधे मधे 'हो का, अरे वा' असंही करू नका. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं.

आता 'तिथे काही शिकवतच नाहीत' याबद्दल. मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे, म्हणून खात्रीने सांगते, पेन्सिल धरण्याआधीचा तो बघण्याचा वेळ हाच त्या वर्गातला सगळ्यात मोलाचा वेळ. आपल्या मुलांच्या डोक्यात तयार चित्रं भरलेली असतात. डोंगर म्हटलं की तीन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य, घर म्हटलं की कौलारू छप्पर, शेजारी नदी, नदीत होडी. ठाण्याला सातव्या मजल्यावर राहणारं मूलही हेच घर काढतं. हत्ती म्हटलं की मोठा गोल, छोटा गोल आणि एक सोंड. हे त्यांनी पाहिलेलं नसतं, कोणीतरी गिरवून घेतलेलं असतं. मूल खऱ्या वस्तूसमोर बसतं आणि तिथून हलायची सोय नसते, तेव्हा कुठे हे पाठ झालेलं चित्र गळायला लागतं. पहिली दहा मिनिटं कंटाळ्याची जातात. मग मूर्तीचा एक हात तुटलेला आहे हे दिसतं. मग त्या मूर्तीच्या पायाशी कोणीतरी छोटंसं बसलेलं दिसतं. मग 'बाई, हिच्या कानातलं दोन्हीकडे वेगळं का आहे?' असा प्रश्न येतो. तो प्रश्न आला की त्या दिवसाची फी वसूल झाली म्हणून समजा. नंतर कागदावर जे उमटतं ते वेडंवाकडं असेल, पण तिचं असेल.

समोरच्या मुलाच्या चित्रांना नावं ठेवायचं मला कारण नाही, ती मी पाहिलेली नाहीत. पण नऊ-दहा वर्षांचं मूल दर आठवड्याला न चुकता फ्रेम करण्यासारखं चित्र आणत असेल, तर त्यावर शिक्षकांचा हात किती फिरलाय हे एकदा बघून घ्या. 'फिनिशिंग' या नावाखाली बरंच काही चालतं.

ह्यांच्या मार्कांच्या मुद्द्याची मला चिंता वाटत नाही. इंटरमीजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात हे खरंच आहे आणि तो विचार करण्यात काही गैर नाही. पण कला संचालनालयाच्या या परीक्षा मुलं सातवी-आठवीपासून पुढे देतात. तुमची लेक चौथीत आहे. एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं. समोर ठेवलेली बादली, तिच्यावर टाकलेला नॅपकिन आणि दोन कांदे बघून काढायचे म्हणजे वस्तुचित्र. तीन वर्षं दगडाच्या मूर्तींसमोर बसलेल्या मुलीला बादलीचं तोंड वर्तुळ न दिसता लांबट का दिसतं, हे वेगळं शिकवावं लागत नाही. राहिलं अक्षरलेखन, भूमिती आणि वेळेत पेपर पुरा करणं. ते शाळेतले कलाशिक्षक परीक्षेच्या आधी काही महिन्यांत करून घेतात. ह्यांना हे शांतपणे सांगा. जमलं तर एखाद्या रविवारी तुमच्याऐवजी त्यांनाच लेकीबरोबर पाठवा. वर्ग सुटल्यावर तिला म्हणावं, 'बाबाला तुझी आवडती वस्तू दाखव.' बाबाने फक्त ऐकायचं.

एक मात्र सांगते. संग्रहालयातला वर्ग म्हणजे चांगलाच असणार असं नाही. मुलं दोन तास तळघरातल्या हॉलमध्ये बसून छापील कागदावर रंग भरत असतील आणि दालनात पाऊलही टाकत नसतील, तर त्यासाठी ठाण्याहून यायची गरज नाही, सोसायटीचा हॉल पुरे. सुट्टीत निघणाऱ्या 'एका तासात वारली' छाप कार्यशाळांबद्दल तर मला मनापासून वाईट वाटतं. वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, बायका भिंतीवर लिहितात, तांदळाच्या पिठाने. त्यात पालघाट देवी असते, त्याला विधीचं स्थान असतं. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यातलं काहीही न सांगता, एकही अस्सल चित्र न दाखवता मुलांना गेरू रंगाची पिशवी आणि पांढरा पेन हातात देऊन त्रिकोणाला त्रिकोण जोडायला लावायचे, यातून मूल काय शिकणार? तुमच्या लेकीच्या वर्गात आधी मूळ वस्तू, मग हात, असा क्रम आहे. म्हणूनच मी त्याच्या बाजूने इतकं बोलतेय.

आता तुमच्याकडे येऊ. लेक 'नको येऊस' म्हणाली, ते तुम्ही फार मनाला लावून घेतलंय असं पत्रावरून वाटतं. तिच्या म्हणण्याचा अर्थ तुम्ही तिच्या मागे उभ्या राहून कागदात डोकावू नका, एवढाच घ्या. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये व्हिक्टर दामिको नावाचे कलाशिक्षक १९३७ पासून काम करत होते. १९४२ मध्ये त्यांनी मुलांसाठी कला-जत्रेसारखा एक उपक्रम सुरू केला. तिथे आईवडिलांना आत प्रवेशच नव्हता. भिंतीला झरोके ठेवले होते, त्यातून काय ते बघायचं. १९६३ मध्ये हा उपक्रम भारतातही आला होता. गंमत म्हणजे याच दामिकोंनी मोठ्यांसाठीही वर्ग चालवले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी चालवले, आईवडील आणि मुलं एकत्र बसतील असेही चालवले. म्हणजे आईबापांचं त्यांना वावडं नव्हतं. हातात स्वतःचं काम नसलेला आईबाप मुलाच्या कागदावर घसरतो, हे त्यांनी ओळखलेलं असावं.

तेव्हा तुमचं टेबल वेगळं हवं, दालन वेगळं असलं तर आणखी बरं. लेकीला आधीच सांगून टाका, 'तुझ्या वर्गात मी येणार नाही. माझा वर्ग वेगळा आहे. तुझं चित्र तू दाखवलंस तर बघेन, माझं मडकं मी दाखवेन.' बघा, पहिल्याच महिन्यात ती तुमच्या टेबलाशी डोकावून जाईल आणि म्हणेल, 'आई, हे वाकडं झालंय.' तेव्हा तुम्हाला कळेल ते वाक्य ऐकायला कसं वाटतं.

मातीकामाला ब्रश धरता येण्याची अट नसते. उलट, चित्रकलेची भीती बसलेल्या मोठ्या माणसांना मी नेहमी मातीच सुचवते. कोऱ्या कागदासमोर हात आखडतो, मातीसमोर आखडत नाही, कारण चुकलं की गोळा करून पुन्हा सुरुवात. पहिला दिवस बहुधा माती मळण्यातच जाईल. कणीक मळणाऱ्या हाताला ते लवकर साधतं, फक्त इथे जोर खांद्यातून लावायचा. आतली हवा निघून जावी म्हणून मळायचं असतं. मग गोळ्यात अंगठा रुतवून, दुसऱ्या हाताने फिरवत फिरवत वाटी करायला सांगतील. ती एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ होणार, काठ चिरणार. त्यानंतर वळ्या करून एकावर एक रचायच्या आणि बोटाने सांधायच्या. सांधताना दोन्ही बाजू खरवडून पातळ माती लावायची, नाहीतर वाळताना सुटतात. केलेली वस्तू प्लॅस्टिकखाली झाकून हळूहळू वाळवायची. घाई करून ओलसर वस्तू भट्टीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते. या सगळ्यात काही आठवडे जातात, म्हणून पहिल्या रविवारी घरी रिकाम्या हाताने आलात तर ह्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा.

आणि मग जे होतं त्याच्यासाठी संग्रहालयातच शिकायला हवं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपावरच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, साधारण पाचव्या शतकातल्या. हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० च्या सुमारास तिथे उत्खनन केलं होतं. त्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला एक पुरुष आहे. आज तुम्ही त्याच्यासमोरून गेलात तर 'छान आहे' म्हणून पुढे जाल. नखात माती गेलेली असताना जा. त्या देठाभोवती बोटं कशी वळवली असतील, एवढा मोठा तुकडा न तडकता भाजला कसा असेल, वस्त्राच्या चुण्या माती ओली असताना ओढल्या की थोडी सुकल्यावर, हे प्रश्न तुमच्या तोंडून आपोआप निघतील. भायखळ्याला भाऊ दाजी लाडमध्ये मुंबईतल्या जुन्या लोकजीवनाच्या छोट्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. त्या बघताना तर पगडीची घडी करायला त्या कारागिराने काय वापरलं असेल, याच्यावर लेकीचं आणि तुमचं भांडण जुंपेल. तेवढ्यासाठी तरी जाच.

ही दोन्ही संग्रहालयं उभी राहण्यात मुंबईकरांच्या वर्गणीच्या पैशांचा मोठा हात आहे, हेही सांगते. भायखळ्याच्या संग्रहालयासाठी नाना शंकरशेट आणि स्वतः डॉ. भाऊ दाजी यांनी खटपट केली, ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. फोर्टमधल्या संग्रहालयाची पायाभरणी १९०५ ची. इमारत तयार झाली तेव्हा पहिलं महायुद्ध आलं, तिथे लष्करी रुग्णालय चाललं आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथेच २०१९ पासून मुलांचं स्वतंत्र संग्रहालयही आहे. हे सांगण्याचं कारण, तुमच्या पत्रात 'तिथे आमच्यासारख्यांनी जावं का' असा एक संकोचाचा सूर मला लागला. दारावरचा पहारेकरी, इंग्रजीतल्या पाट्या, आत शिरल्यावर होणारा बुटांचा आवाज, यांनी आपण दबतो. दबायचं कारण नाही. वर्गात मराठीत बोला, मराठीत विचारा. शिकवणारे समजावून सांगतात, आणि नाही समजलं तर पुन्हा विचारायचा हक्क तुम्ही फी भरलेली आहे म्हणून आहेच, या शहराच्या आसपास राहता म्हणूनही आहे.

सासूबाईंना उत्तर देऊ नका, बोलवा. गौरीची सजावट, दिवाळीतला किल्ला, पंधरा-एक ठिपक्यांची रांगोळी, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं असणार आणि त्याला कोणी 'या वयात' म्हटलेलं नसणार. गुडघे साथ देत असतील तर एखाद्या रविवारी त्यांनाही घेऊन जा. बऱ्याच दालनांत बसायला बाक असतात. जुनी भांडी, दिवे, दागिने मांडलेले असतील तिथे त्यांना नातीबरोबर सोडा आणि तुम्ही वर्गाला जा. काचेतली एखादी वस्तू बघून 'ही आमच्या माहेरी होती' असं त्या म्हणाल्या, की नात त्यांच्याकडून जे ऐकेल ते तिथल्या कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. नाहीच आल्या, तरी तुम्ही केलेली पणती येत्या दिवाळीत तुळशीपाशी लागली की विषय बहुतेक मिटेल.

आता थोडं व्यवहाराचं. दालनात साधारणपणे फक्त पेन्सिल चालते. ओले रंग आणि शाई यांना मनाई असते, ते वर्गाच्या खोलीतच वापरायचे. लेकीला टू-बी आणि फोर-बी अशा मऊ पेन्सिली, पाठीमागे पुठ्ठा असलेलं पॅड आणि कागद उडू नये म्हणून दोन चिमटे द्या. खोडरबर घरी राहू द्या. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढायची सवय लागली की हात मोकळा होतो. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख आणि वस्तूचं नाव तिलाच लिहायला सांगा आणि सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा. वर्षाअखेरीला ती फाइल ह्यांच्यापुढे ठेवलीत की मार्कांची चर्चा वेगळ्या पट्टीत होईल. तिला विचारल्याशिवाय एकही चित्र व्हॉट्सअॅप स्टेटसला लावायचं नाही. लोकलमध्ये परत येताना 'आज काय काढलंस' असं विचारायचं नाही. तिला भूक लागलेली असते, आधी खाऊ द्या.

तुमच्यासाठी : जुना सुती ड्रेस, अॅप्रन, एक हात पुसायचं फडकं. नखं कापून जा, अंगठ्या आणि बांगड्या घरी काढून ठेवा. माती, अवजारं आणि भट्टीचा खर्च फीमध्ये धरलाय का, हे नाव घालतानाच विचारून घ्या, बऱ्याचदा भाजणीचे पैसे वेगळे असतात. पाळी-पाळीने चालणाऱ्या या वर्गांत जागा मोजक्याच असतात. भट्टीत मावेल तेवढ्याच वस्तू घेता येतात, हे त्याचं साधं कारण. तेव्हा पुढच्या रविवारी लेकीला वर्गात सोडलंत की बाकावर बसायच्या आधी नोंदणीच्या खिडकीशी जा.